डावा फॉस्फरस, उजवा फॉस्फरस
(विद्यार्थी व पालकांसमोर दिलेले भाषण)



डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही. दोन्हींचे चामडे एक, माप एक, वजनही एक. फरक असतो तो घडणीच्या दिशेचा. रसायनांचेही असेच आहे. फॉस्फरसच्या अणूला चार निरनिराळे गट जोडले गेले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. एक दुसरीचे जणू आरशातील प्रतिबिंब.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. हेपॅटायटिस-सी या यकृताच्या रोगावरील सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाले. त्यातील फॉस्फरसची मांडणी उलटी असेल, तर विषाणूवरील प्रभाव दहापटीहून अधिक घटतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या रेमडेसिविरसाठी रुग्णांचे नातेवाईक दारोदार हिंडले, त्यातही असाच एका ठरावीक मांडणीचा फॉस्फरस आहे.

साध्या रीतीने अशी द्रव्ये तयार केली, तर बहुधा दोन्ही मांडण्यांचे मिश्रण हाती येते. हव्यात फक्त उजव्या चपला आणि निम्म्या निघतात डाव्या! नको तो भाग वेगळा काढण्यात श्रम, पैसा व द्रावके खर्ची पडतात आणि औषध महागते.

यावर उपाय म्हणजे दिशा ठरविणारा उत्प्रेरक. तो साच्यासारखा असतो: प्रमाण अल्प, स्वतः खर्च होत नाही, पण माल मुख्यतः हव्या त्याच घडणीचा देतो. मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी, ज्यातील फॉस्फरसलाच डावे-उजवेपण आहे असा उत्प्रेरक वापरून कंपवातावरील एल-डोपा तयार केले. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पुढे २०१७ साली मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी औषधातील फॉस्फरसचीच मांडणी ठरविणारा उत्प्रेरक जाहीर केला.

आपल्या अच्छाडहून हद्द ओलांडली की भिलाड, सरीगाम, वापीचा कारखान्यांचा पट्टा लागतो. आपली मुले तेथे कामास जातात. पिंप उचलणारा आणि पिंपात काय घडते हे जाणणारा, कष्ट दोघांनाही आहेत. परंतु जाणणाऱ्याला पुढची वाट मोकळी असते. म्हणून सूत्रे नुसती पाठ करू नका. मातीचा एक गोळा घ्या, त्यात चार काड्या खोचा, टोकांना चार रंगांचे मणी लावा. आरशात पाहून दुसरा बनवा. मग एकाचे चारही रंग दुसऱ्याशी जुळतात का, हे फिरवून पाहा. कितीही फिरवा, जुळणार नाहीत. रसायनशास्त्राचा हा धडा तुमच्या हाताला कळेल.