क्रिन्की : तीन हजार माणसं आणि जनगणनेतला दुसरा रकाना



शिबिराच्या संयोजकांनी मला 'युरोपातील मुसलमान' असा विषय दिला होता. युरोप फार मोठा आहे. अशा विषयावर बोलायला लागलं की माणूस पॅरिस, लंडन, बर्लिन करत शेवटी बातम्यांमध्ये ऐकलेलंच पुन्हा सांगतो. म्हणून मी एका लहान जागेपुरतं बोलायची परवानगी मागून घेतली. त्या जागेचं नाव क्रिन्की. पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेला लागून असलेली ही एक ग्मिना आहे.

ग्मिना म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्याची सगळ्यात खालची पायरी. एक मोठं गाव, भोवतालची लहान गावं आणि वाड्या, आणि सगळ्यांची मिळून एक निवडून आलेली परिषद. प्रत्येक गाव आपला 'सोवतिस' म्हणजे गावप्रमुख वेगळा निवडतं. क्रिन्की ग्मिनेची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक ग्रामपंचायत पुरते. क्रिन्की पूर्वी शहर होतं, १९५० मध्ये त्याचा शहराचा दर्जा गेला आणि २००९ मध्ये परत मिळाला. मधली साठ वर्षं ती कागदावर निव्वळ ग्रामीण ग्मिना होती, आणि आजही तिथे गेलात तर शेतं, जंगल आणि लाकडी घरंच दिसतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. कंपनीच्या कामासाठी काही काळ पोलंडमध्ये होतो, तेव्हा ब्याविस्तोक शहरातून तिकडे गेलो. माझं रोजचं काम डेटाबेसचं, म्हणजे माणसांना रकान्यात बसवायचं. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यात इतिहास कमी आणि रकाने जास्त असतील, हे आधीच सांगून ठेवतो.

या ग्मिनेत कॅथलिक पोलिश लोक आहेत, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आहेत, त्यांतले बरेच बेलारूसी मुळांचे. क्रुशिन्यानी नावाच्या गावात तातार मुसलमान आहेत, आता बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबं. आणि ८० वर्षांपूर्वीपर्यंत क्रिन्की गावात ज्यू होते, थोडेथोडके नव्हे, बहुसंख्य.

तातारांपासून सुरुवात करू. चौदाव्या शतकापासून लिथुआनियाच्या राज्यात तातार सैनिक येऊन स्थायिक होत होते. पुढे पोलंड आणि लिथुआनिया यांचं संयुक्त राज्य झालं, तेव्हा हे लोक त्याच्या घोडदळात होते. पर्यटकांना जी गोष्ट सांगतात ती अशी : राजा तिसरा यान सोबिएस्की याने शूर तातारांना खूश होऊन गावं इनाम दिली. आता खरा हिशेब ऐका. सैनिकांचा पगार थकला होता. त्यांच्या जुन्या हक्कांवर गदा आली होती. १६७२ मध्ये तातारांच्या काही तुकड्यांनी बंड केलं आणि त्या सरळ ऑटोमन तुर्कांना जाऊन मिळाल्या. मग राज्याला जाग आली. माफी जाहीर झाली, आणि १६७९ मध्ये थकलेल्या पगाराच्या बदल्यात जमिनी देण्यात आल्या. कर्नल सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की आणि त्याच्या माणसांना क्रुशिन्यानी, वुझानी आणि न्येतुपा गावाचा काही भाग मिळाला. क्रुशिन्यानी आणि न्येतुपा आजच्या क्रिन्की ग्मिनेत आहेत.

मला हा हिशेब इनामाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतो. सहिष्णुता, उदारता हे शब्द आपण व्यासपीठावरून फार वापरतो. इथे उदारता नव्हती, थकबाकी होती. तातार पाहुणे म्हणून आलेले नव्हते, केलेल्या कामाचे पैसे वसूल करून बसलेले होते. आणि ते गरीब बिचारे अल्पसंख्यही नव्हते बरं का! ते जमीनदार होते, त्यांच्या शेतात राबणारी कुळं ख्रिश्चन होती. ही बाजू पर्यटनाच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

क्रुशिन्यानीची मशीद लाकडी आहे, हिरव्या रंगाची. दर्शनी बाजूला दोन मनोरे. लांबून पाहिली तर त्या भागातलं एखादं खेड्यातलं चर्चच वाटेल, फक्त वर क्रूसाऐवजी चंद्रकोर. बांधणारे सुतार तिथलेच असणार, त्यांना जे बांधता येत होतं तेच त्यांनी बांधलं. आत पुरुषांची आणि स्त्रियांची खोली वेगळी, मधल्या भिंतीत लांबट फट आणि तिला पडदा. बायकांना मशिदीत जागा आहे, स्वतंत्र दार आहे, पण पडद्यापलीकडे. आपल्याकडे अनेक मशिदींत तेवढीही जागा नाही, म्हणून मला कौतुक वाटावं की पडदा आहे म्हणून तक्रार करावी, हे मी तुमच्यावर सोडतो. मशिदीमागे झाडीत कब्रस्तान आहे. तिथला वाचता येणारा सर्वांत जुना दगड १६९९ चा. दगडांवर अरबी आहे, रशियन आहे, पोलिश आहे, राज्य कोणाचं होतं त्याप्रमाणे.

भाषेचं प्रकरण तर आपल्यासाठी फारच जवळचं आहे. या लोकांची मूळ तातार भाषा काही पिढ्यांतच गेली. सैनिक स्थानिक बायकांशी लग्न करत होते, मुलं आईची भाषा बोलू लागली. मग धर्म शिकायचा कसा? त्यांनी 'किताब' नावाच्या हस्तलिखित वह्या तयार केल्या. लिपी अरबी आणि भाषा बेलारूसी किंवा पोलिश. अरबीत नसलेल्या स्लाव्ह उच्चारांसाठी त्यांनी काही अक्षरं वेगळी घडवली. दुआ, नबींच्या कथा, कुराणाचे अर्थ, सगळं त्या बोलीत. म्हणजे आपल्याच भाषेत धर्म समजून घेण्याचा प्रश्न त्यांनी काही शतकांपूर्वी शांतपणे सोडवून टाकला होता.

आणि रोजची भाषा? त्या भागातले जुने लोक घरात जी बोली बोलतात तिला 'प्रोस्ता मोवा' म्हणतात, म्हणजे 'साधी बोली'. भाषाशास्त्रज्ञ तिला बेलारूसी गटात घालतात. बोलणारे म्हणतात, आम्ही साधं बोलतो. ऑर्थोडॉक्स बोलतात, कॅथलिक बोलतात, तातारही बोलत आले. क्रिन्कीतच जन्मलेला सोक्रात यानोविच हा बेलारूसी भाषेचा मोठा लेखक. तो आयुष्यभर या गावाशी बांधलेला राहिला, २०१३ मध्ये वारला.

आता क्रिन्की गावाकडे येऊ. मधोमध षटकोनी चौक आहे, त्यातून १२ रस्ते फुटतात. एवढ्याशा गावाला एवढा मोठा चौक कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतं. उत्तर असं, की हे गाव एवढंसं नव्हतं. इथे चामड्याचे कारखाने होते, मालक आणि कामगार दोन्ही बहुतांश ज्यू. कामगार इतके संघटित होते की १९०५ च्या रशियन क्रांतीच्या वेळी त्यांनी काही दिवस गावाचा कारभार ताब्यात घेतला होता. १९३९ मध्ये हा भाग सोव्हिएत फौजांनी घेतला, १९४१ मध्ये जर्मनांनी. ज्यूंना घेट्टोत कोंडलं आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्रोद्नोजवळच्या छावणीतून त्यांना ट्रेब्लिंकाला मारायला पाठवलं. शतकानुशतकांचं गाव, दीड वर्षात संपलं. मोठ्या सिनेगॉगचे आता दगडी अवशेष उरलेत. दुसऱ्या एका प्रार्थनागृहात नंतर चित्रपटगृह आणि सांस्कृतिक केंद्र झालं. आज 'संमिश्र लोकवस्तीचं सुंदर उदाहरण' म्हणून ही ग्मिना दाखवतात, तेव्हा त्या मिश्रणातला सगळ्यात मोठा वाटाच गायब आहे, हे बोललं पाहिजे.

सोव्हिएत राजवटीने याच पूर्व पोलंडमधून लाखो लोक सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतले सुमारे पाच हजार पुढे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आज तिथे गांधीनगर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या साथींना हे माहीत असेलच.

युद्धानंतर नवी सीमा क्रिन्कीच्या अगदी शेजारून गेली. ग्रोद्नोचा बाजार पलीकडे राहिला. तातारांचं तर कंबरडंच मोडलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये १७ मशिदी होत्या. सीमा बदलल्यावर दोनच पोलंडच्या वाट्याला आल्या : क्रुशिन्यानीची आणि शेजारच्या सोकुव्का ग्मिनेतल्या बोहोनिकी गावाची. अनेक कुटुंबं ग्दान्स्क, ब्याविस्तोक अशा शहरांकडे गेली.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, रकाने. पोलंडमध्ये २००२ मध्ये जनगणना झाली. त्यात राष्ट्रीयतेचा प्रश्न होता आणि उत्तर एकच देता येत होतं. पोलिश किंवा तातार. साडेतीनशे वर्षं या सैन्यात लढलेल्या कुटुंबातला माणूस काय लिहील? देशभरात स्वतःला तातार लिहिणारे ५०० सुद्धा निघाले नाहीत. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा दुसरा रकाना आला : याशिवाय तुम्ही आणखी कोणत्या समाजाचे आहात असं मानता का? तातारांचा आकडा १८०० च्या वर गेला. नऊ वर्षांत कोणत्याही समाजाची लोकसंख्या चौपट होत नाही. माणसं तीच होती. पश्चिमेकडच्या सायलेसिया प्रांतात तर सुमारे १ लाख ७३ हजारांचे ८ लाखांहून जास्त सायलेसियन झाले.

सगळी किमया रकान्याची, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वेळी बेलारूसींचा आकडा वाढला नाही, थोडा घटलाच. तरुण शहरात गेले, घरातली साधी बोली थांबली, आणि शाळेत, कचेरीत त्या बोलीला खेडवळ ठरवण्यात अनेक वर्षं गेली. जे मनातूनच पुसलं गेलं, ते दुसरा रकाना देऊन परत येत नाही. पण जे मनात होतं आणि फॉर्ममध्ये मावत नव्हतं, ते आलं.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर एक मूल्य साठवणारा रकाना आणि अनेक मूल्यं साठवणारा रकाना हा प्रोग्रामरचा निर्णय असतो, माणसाचा स्वभाव नव्हे. आपल्या जनगणनेत मातृभाषा एकच लिहितात, 'येणाऱ्या इतर भाषा' म्हणून आणखी दोन. इथे बसलेल्या किती जणांच्या घरी मराठी बोलतात आणि गणनेच्या दिवशी 'उर्दू' लिहिलं जातं? किती ठिकाणी प्रगणक नाव ऐकून न विचारताच लिहून टाकतो? मग 'तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता' हे आपण आयुष्यभर ऐकत बसतो. पुढच्या गणनेत प्रगणक दारात आला की त्याला निदान प्रश्न पूर्ण विचारायला लावा, आणि त्याने काय लिहिलं ते बघा.

कागदाचं महत्त्व तातारांना चांगलं माहीत आहे. पोलंडमधल्या मुसलमानांची धार्मिक संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली आणि राज्याशी तिचे संबंध ठरवणारा कायदा १९३६ मध्ये झाला. तो आजही लागू आहे. २०१३ च्या सुरुवातीपासून धार्मिक पद्धतीने जनावर कापण्यावर पोलंडमध्ये बंदी आली. तरीही त्या वर्षी बोहोनिकीत बकरी ईदची कुर्बानी झाली, उघडपणे. पुढे घटनात्मक न्यायालयात दाद मागितली ती ज्यूंच्या धार्मिक संघटनेने, आणि डिसेंबर २०१४ मध्ये बंदी घटनेविरुद्ध ठरली. त्याचा लाभ तातारांनाही झाला. प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, आपल्यातही त्यावर मतभेद आहेत. मी एवढंच नोंदवतो की वाद न्यायालयात गेला आणि तिथे मिटला.

त्याच २०१४ च्या जूनमध्ये क्रुशिन्यानीच्या मशिदीच्या भिंतीवर कोणीतरी रंगाने डुकराचं चित्र काढलं. कब्रस्तानातही नासधूस केली. सोबत नाझींविरुद्ध लढलेल्या पोलिश भूमिगत चळवळीचं चिन्ह रंगवलं होतं. त्या युद्धात पोलंडच्या घोडदळात तातारांची स्वतंत्र तुकडी लढली होती, हे रंगवणाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

शेवटी २०२१. बेलारूसच्या राजवटीने इराक, सीरिया आणि इतर देशांतल्या लोकांना सीमेपर्यंत आणून सोडलं, पोलंडने त्यांना मागे ढकललं. दोन्हीकडून ढकलले गेलेले लोक जंगलात अडकले. सप्टेंबरपासून सीमेलगतच्या पट्ट्यात आणीबाणी लागली, बाहेरच्यांना आणि पत्रकारांना प्रवेश बंद. क्रिन्की, क्रुशिन्यानी त्याच पट्ट्यात. पुढच्या वर्षी सीमेवर १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभी राहिली.

त्या हिवाळ्यात बोहोनिकीच्या तातारांनी दोन कामं केली. सीमेवरच्या पोलिश सैनिकांसाठी त्यांनी सूप शिजवून पाठवलं. आणि जंगलात, नदीत मेलेल्या लोकांचे जनाजे त्यांनी आपल्या कब्रस्तानात दफन केले. पहिला मुलगा १९ वर्षांचा सीरियन होता, नदीत बुडालेला. काही दिवसांनी जन्माआधीच गेलेलं एका इराकी कुर्दी बाईचं बाळ.

ज्यांनी लोकांना मागे ढकललं त्यांना सूप आणि ज्यांना ढकललं त्यांना कबर, हे मला बराच काळ पचत नव्हतं. आजही पूर्ण पचलेलं नाही. सैनिकांना सूप देणं हा त्यांच्यासाठी 'आम्ही इथलेच' याचा पुरावा होता का, आणि तो अजूनही का द्यावा लागतो, हा माझा प्रश्न आहे. पण थंडीत उभं राहून ती माती त्यांनी खणली, मी नाही. त्यांच्या शेतालगतच्या त्या कब्रस्तानात आता तिथल्या जुन्या घराण्यांच्या दगडांच्या पलीकडे या नव्या कबरी आहेत, साध्या, भोवती गोटे लावलेल्या.

माझी वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.