इतिहास-मंडळांचें बदललेलें काम

आमच्या कोडोलीच्या उत्तरेस वारणा नदी वाहते. सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यांत १७३१ सालीं जो तह झाला, त्यांत हीच नदी दोन्ही राज्यांची हद्द ठरली व तिच्या दक्षिणेचा आमचा मुलूख कोल्हापुराकडे राहिला. ही गोष्ट आज आपण निःशंकपणें सांगतों, याचें कारण कोणी तरी कागद जपले आणि कोणी तरी ते वाचले. त्या वाचणाऱ्या मंडळांविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलांत संस्कृत शिकवीत आणि पटवर्धनांचीं दफ्तरें चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड छापीत. (आम्हां मास्तरांना याचा अंमळ अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनीं गोड मानून घ्यावा.) राजवाड्यांच्या पुढाकारानें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, १९२६ च्या अखेरीस ते वारल्यावर धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. त्या काळीं मुख्य काम एकच होतें: वाळवी, ओल आणि चूल यांच्या तोंडचे रुमाल वाड्यावाड्यांतून सोडवून आणणें. कागद वांचले. मात्र ज्या घरांतून ते गेले, त्यांतील पुढच्या पिढ्यांना मोडी येईनाशी झाली, आणि आपल्या घरीं काय होतें हेंही त्या विसरल्या.

आतां वारा उलटा वाहूं लागला आहे. २०२३ सालीं न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला आणि मोडी वाचणाऱ्यास एकाएकीं मागणी आली. पूर्वीं मंडळें कागद मागत दारोदार जात. आतां लोक कागद घेऊन वाचणाऱ्याच्या दारीं येतात. त्यांच्या मनांत मुलाच्या दाखल्याची आशा असते, आणि खरी कसोटी येथेंच आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते. घाईनें लिहिलेलें एक अक्षर दोन तऱ्हांनीं लागतें. समोरच्या माणसाच्या डोळ्यांतील आर्जव पाहून तें त्याला हवें तसें लावण्याचा मोह होतो. म्हणून एकच कागद दोघांनीं निरनिराळा वाचावा, संशयित अक्षराखालीं खूण करावी आणि वाचनासोबत मूळ कागदाचें छायाचित्र जोडावें. "यांत तुम्हांस हवी ती नोंद नाहीं" एवढें सांगण्याचें धैर्य ज्या मंडळांत नाहीं, त्यानें खुशाल दुसरा उद्योग पाहावा.

आमच्या शेजारच्या पन्हाळ्याचेंही तसेंच. जुलै २०२५ मध्यें तो जागतिक वारशाच्या यादींत गेला. १६६० च्या वेढ्याविषयीं पत्रांत काय आहे व पोवाड्यांत काय आहे, हें प्रवाशांना निरनिराळें सांगितल्यानें पोवाड्याची गोडी मुळींच उणी होत नाहीं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. वाचून झालेला कागद मालकास परत द्यावा, नक्कल मंडळानें ठेवावी. घरीं नेल्यावर त्यावर प्लास्टिकचें आवरण चिकटवूं नये. काढूं गेल्यास कागदही फाटतो. धुतलेल्या सुती फडक्यांत सैल बांधून तो भिंतीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावा, आणि पावसाळा सरला कीं सावलींत उघडून त्याला एकदां वारा द्यावा.