पडद्यावरचा चेंडू आणि आपला डोळा



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, कंत्राटी पद्धत, फार तर चार श्रमसंहिता, एवढेच विषय श्रोत्यांच्या मनात येतात. आज मात्र मी टीव्हीवर बोलणार आहे. टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर नव्हे. चपट्या पडद्यावर पळणारी वस्तू फरकटल्यासारखी का दिसते आणि त्यावर इलाज काय, यावर. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेच झाले. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये.

हा विषय मला सुचला तो लोकांच्या तक्रारींवरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या थेरगावात, डांगे चौकाच्या आसपासच्या चाळींतून, हप्त्यावर मोठे संच आले. कंत्राटी कामगार महिना-दीड महिन्याचा पगार त्यात घालतो आणि चार दिवसांनी मला विचारतो, ‘‘अण्णा, जुन्या डब्यावर चेंडू स्वच्छ दिसायचा. ह्याच्यावर तो शेपूट काढून का पळतो?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. थेरगावातच वेंगसरकर अकादमीचे मैदान आहे, ऋतुराज गायकवाड जिथे घडला ते. त्याच्या कडेला उभे राहून पाहा. तिथे चेंडूला शेपूट नसते.

पुष्कळांना वाटते की दोष पडद्याच्या आळसाचा आहे. तो थोडा आहेही. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक वळावयाला काही मिलिसेकंद घेतात, आणि तेवढ्यात मागच्या चित्राची सावली उरते. पण ओएलईडी जातीच्या महागड्या पडद्यात ठिपका एका मिलिसेकंदाच्याही आत बदलतो, आणि तरीही फरकट राहतेच. म्हणजे खरा अपराधी दुसराच असला पाहिजे.

तो अपराधी म्हणजे चित्र धरून ठेवण्याची रीत. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत ठिपका उजळी आणि तो ठिपका क्षणार्धात विझे. बराचसा वेळ पडदा काळाच असे, आपल्याला ते कळत नसे. चपटा पडदा तसे करीत नाही. तो एक चित्र दाखवितो आणि पुढचे येईपर्यंत तसेच उभे ठेवतो. आपला डोळा मात्र थांबत नाही. चेंडूमागे तो संथपणे सरकत राहतो. स्थिर चित्रावरून डोळा सरकला की डोळ्यातल्या पडद्यावर चित्र ओढले जाते. धावत्या लोकलच्या दारातून रुळालगतचे कुंपण पुसट दिसते, तसे. म्हणजे ही फरकट पडद्यावर नसून आपल्या डोळ्यात आहे!

खात्री करून घ्यावयाची असेल तर बातम्यांच्या वाहिनीवर खाली जी पट्टी पळते तिच्याकडे पाहा. डोळ्याने तिच्यामागे जा, अक्षरांच्या कडा पुसट होतील. त्याच पट्टीचा मोबाईलवर झटकन फोटो काढा. फोटोत अक्षरे पुष्कळच स्वच्छ येतील, कारण कॅमेरा अक्षरांमागे धावला नाही.

थोडा हिशेब करू. पडद्याच्या रुंदीत १९२० ठिपके आहेत आणि एखादी वस्तू दोन सेकंदांत ही रुंदी ओलांडते असे धरा. म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. सेकंदाला ५० चित्रे आली तर एका चित्राच्या वेळात डोळा सुमारे १९ ठिपके सरकतो. ४३ इंची संचाची रुंदी जवळजवळ ९५ सेंटिमीटर, म्हणजे फरकट साडेनऊ मिलिमीटरांची झाली. आता तेच चित्र दोनदा दाखवून पडदा सेकंदाला १०० वेळा ताजा केला, तर? फायदा शून्य. चित्र तेच आहे आणि डोळा तेवढाच सरकला आहे. फरकट निम्मी करावयाची तर मध्ये नवे चित्र तरी हवे, नाहीतर अंधार तरी.

अंधाराचा गुण-दोष आम्हा कामगारांना जुना परिचयाचा आहे. जुन्या चोकवरची ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंदावते. तिच्या उजेडात लेथचा फिरता चक ठराविक वेगाला उभा असल्यासारखा दिसतो. एका कारखान्यात अशा चककडे एका पोराचा हात जाताना मी पाहिला आहे. शेजारच्याने ओढले म्हणून तो बचावला. आम्ही मागणी केली ती साधी होती: शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडा आणि यंत्रावर एक साधा बल्ब लावा. ती मान्य करून घ्यावयाला पावसाळा उलटला. जी लुकलुक चकला थांबवून दाखविते आणि जीवघेणी ठरते, तीच टीव्हीवर चेंडूच्या कडा धारदार करते.

ही युक्ती संचात असते. मागचा दिवा प्रत्येक चित्राला थोडाच वेळ लावावयाचा, किंवा मध्ये काळे चित्र घालावयाचे. दिवा निम्मा वेळ लावला तर १९ ठिपक्यांची फरकट साडेनऊवर येते. पण उजेडही निम्मा होतो, आणि काहींचे डोके दुखते. ज्याला अर्धशिशी आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी युक्ती मधले चित्र बनविण्याची. संचातले यंत्र पहिले आणि दुसरे चित्र पाहून मधले अंदाजाने रचते. सोनीने तिला मोशनफ्लो म्हटले, एलजीने ट्रूमोशन. क्रिकेटला ती कामाला येते, पण अंदाज तो अंदाज. बॅटच्या कडेला झालर दिसते, चेंडू मध्येच नाहीसा होतो. आणि मूळ कॅमेऱ्यातच जी फरकट आली असेल ती यापैकी कोणतीच युक्ती काढू शकत नाही.

चित्रपटाला मात्र ही युक्ती मारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलपट सेकंदाला २४ चित्रांचा. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ या युक्तीतून पाहिला तर दामले-फत्तेलालांनी घेतलेल्या चित्रांच्या मध्ये यंत्राने रचलेली चित्रे घुसतात आणि सारे कालच्या मालिकेसारखे गुळगुळीत दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने हे बटण बंद करा म्हणून लोकांना चित्रफितीतून विनविले. २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ आला, त्यात ते आपोआप बंद राहते. कारागिराच्या कामात त्याला न विचारता भर घालणे मला कारखान्यात पटत नाही, पडद्यावरही पटत नाही.

आता खोक्यावरचे आकडे. २००, ४००, ८०० असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. पगाराच्या स्लिपवर वरची रक्कम एक आणि हातात पडणारी दुसरी, तसा हा प्रकार आहे. त्या आकड्यात दिव्याची लुकलुक आणि यंत्राचे अंदाज मिळविलेले असतात. दुकानदाराला एवढेच विचारावे: पडदा खरोखर सेकंदाला किती वेळा ताजा होतो, ६० की १२०? उत्तर तोंडी घेऊ नये, माहितीपत्रकात दाखवावयास सांगावे.

दुकानात समुद्राची आणि फुलांची झगमगीत चित्रे लावलेली असतात, त्यांत काहीच पळत नसते. ती बंद करावयास सांगा. बातम्यांची पट्टी लावा, क्रिकेट लावा, दहा पावलांवरून पाहा. मग सेटिंगमध्ये जाऊन मधल्या चित्रांची युक्ती बंद करून पाहा, दिव्याची चालू करून पाहा. वीस मिनिटे लागतील, आणि दुकानदार कंटाळेल. हप्ता बारा महिने आपल्याला भरावयाचा आहे, त्याला नव्हे.