दूरचा डॉक्टर, जवळचे हात
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टेलिमेडिसिन हा शब्द मी बराच उशिरा ऐकला. काम मात्र आधीच केलं होतं. 1994-95 सालची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. कुणीतरी दान दिलेलं जुनं ईसीजी यंत्र आमच्याकडे होतं. एका दुपारी केळीच्या बागेत काम करणारा पंचेचाळिशीतला माणूस छाती धरून आला. ईसीजीची पट्टी काढली, पण ती पाहून धीर होईना. पट्टी घेऊन समोरच्या एसटीडी बूथवर धावलो आणि जळगावच्या एका हृदयविकारतज्ज्ञ मित्राला फोन लावला. तो विचारी, "रेघ किती चौकोन वर चढलीय?" मी मोजून सांगे. ईसीजीतल्या त्या भागालाही एसटीच म्हणतात. "व्ही थ्रीत एसटी तीन चौकोन वर चढलीय," असं मी ओरडलो, तेव्हा बूथवाला गोंधळून बाहेर स्टँडकडे पाहू लागला. मित्र म्हणाला, "अ‍ॅस्पिरिन चघळायला दे आणि थांबू नकोस, पाठव." केळीचे घड उतरवून त्याच टेम्पोतून त्याला जळगावला नेलं. तो वाचला.

फोनवरून ईसीजी सांगणारा मी काही पहिला नव्हतो. 1905 साली हॉलंडमधल्या लायडन गावात आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. पुढे 1935 मध्ये रोमला एक केंद्र निघालं. भरसमुद्रातल्या खलाशांना तिथून बिनतारी संदेशाने औषधोपचार सांगितले जात. जहाजावर डॉक्टर नाही आणि किनारा दूर. आपल्या पाड्यांची अवस्था याहून फार वेगळी नाही.

भारतात 2000 साली आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा गावी अपोलोचं केंद्र सुरू झालं. पुढे इस्रोच्या उपग्रहामार्फत दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली जाऊ लागली. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय लातूर, सातारा, सिंधुदुर्ग अशा जिल्हा रुग्णालयांशी जोडलं गेलं, त्यांत आपलं नंदुरबारही होतं. 1998 पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून आपलं म्हणतो. सोय मोठीच होती. पण अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाला नंदुरबार गाठणं हाच निम्मा प्रवास. पडदा जिल्ह्याच्या गावात होता, आजारी माणूस पाड्यावर.

खरा फरक पडला तो करोनाच्या काळात. 25 मार्च 2020 रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरने फोनवरून किंवा व्हिडिओवरून काय करावं, कोणती औषधं लिहून देऊ नयेत, हे प्रथमच स्पष्ट झालं. अमली औषधं अशी देता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्याआधी नोव्हेंबर 2019 मध्ये ई-संजीवनी सुरू झाली होती. फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावरून दहा कोटी सल्ले दिले गेले. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो आणि दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरशी जोडून देतो. एखाद्या बाईला रक्तदाबाची गोळी बदलायची, तर तालुक्याला जाणं-येणं आणि एक रोज बुडणं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी रोज बुडतोच. विकसनशील देशांत या तंत्राची खरी किंमत इथे कळते. आफ्रिकेतला माली देश आणि जिनीव्हाचं विद्यापीठ रुग्णालय यांच्यातही असाच दुवा उभा राहिला आहे.

अडचणी काय? सातपुड्याच्या घळीत रेंज नाही. पडद्यावरच्या डॉक्टरने लिहिलेलं औषध उपकेंद्राच्या कपाटात नसलं, तर सगळा खटाटोप वाया. पण मला मोठी वाटते ती भाषेची अडचण. "छातीमा धडधड व्हस" हे एखाद्या परगावच्या डॉक्टरला अंदाजाने कळेल; पावरी बोलणाऱ्या बाईचं दुखणं कोण सांगणार? शिवाय पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही. म्हणून या टोकाला बसलेलं माणूस शिकलेलं हवं आणि तिथलं हवं. यंत्रखरेदीच्या बातम्या छापून येतात, या माणसाच्या प्रशिक्षणाच्या फारशा येत नाहीत.

गेल्या वर्षी साक्री तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी सहज बसलो होतो. एका आजींना धाप लागत होती. पडद्यावरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "पायाला सूज आहे का? दाबल्यावर खड्डा राहतो का?" तिथल्या मुलीने आजींच्या नडगीवर अंगठा दाबला, क्षणभर धरला. "राहतो, सर." मला जळगावच्या मित्राचा चौकोनांचा प्रश्न आठवला. डॉक्टरने आजच धुळ्याला हलवायला सांगितलं. म्हणजे प्रवास वाचला नाहीच. मधल्या दोन-तीन दवाखान्यांच्या खेपा तेवढ्या वाचल्या. 108 ची गाडी येईपर्यंत त्या मुलीने सगळं कागदावर लिहून दिलं. आजी पडद्याकडे बोट दाखवून विचारत होत्या, हा दादा धुळ्याला भेटेल ना? मुलगी म्हणाली, "तो नाही भेटणार आजी, पण हा कागद दाखवा. मी फोन करून ठेवते."