मुलांसवे मुंबईत एक दिवस
(टेमघर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलांस मुंबई कशी दाखवावी, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. वस्तुतः या बाबतीत आमचा अधिकार शून्य होय. आमचा थोरला मुलगा लहानपणी राणीच्या बागेचा हट्ट धरी आणि आम्ही 'पुढच्या रविवारी' असे म्हणून वेळ मारून नेत असू. मागांच्या खडखडाटात तो रविवार उजाडलाच नाही. पुढे मुलाने हट्ट सोडला. त्या वेळी आम्हांस हायसे वाटले, हे सांगताना आज लाज वाटते. अखेर गेल्या हिवाळ्यात त्यानेच आपल्या दोन मुलांबरोबर आम्हां उभयतांस तेथे नेले.

टेमघरहून रिक्षाने कल्याण गाठले आणि तेथून भायखळ्यापर्यंत मुद्दाम धिमी लोकल धरली. मुंब्र्यापाशी एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी पाहून नात विचारती झाली, "आजोबा, गाडी पाण्यात तर नाही ना जाणार?" जलद गाडीने थोडा वेळ वाचला असता हे खरे, परंतु मुलांची निम्मी सहल खिडकीतच होते. रविवारी मात्र मेगाब्लॉकची चौकशी करून निघावे आणि बुधवारी बाग बंद असते, हेही ध्यानी ठेवावे.

ही बाग १८६२ साली खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. २०१७ पासून तेथे पेंग्विन पाहावयास मिळतात. ते बर्फातून आले असावेत, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. नातीने फलक वाचून आमची चूक दाखविली : हे हंबोल्ट पेंग्विन पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यांवरचे! थंड समुद्रप्रवाहामुळे त्यांस तेथे राहता येते. आजोबांस हरविल्याचा तिचा आनंद पेंग्विन पाहिल्याच्या आनंदाहून मोठा होता.

पण आमचे मन गुंतले ते भाऊ दाजी लाड संग्रहालयालगतच्या दगडी हत्तीत. हा मूळचा घारापुरीचा. यालाच पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली इंग्रज त्यास विलायतेस नेऊ लागले, तेव्हा उचलताना तो खाली पडून भंगला. पुढे तुकडे मुंबईस आणले गेले आणि १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. नातू सांधे शोधीत त्याच्याभोवती फिरत राहिला. मुलगा शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, हा मला दहाव्या वर्षी पाहायचा होता." त्याच्या स्वरात राग नव्हता. आम्हांस उत्तर सुचले नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी दिसली. आम्ही सारे हिंडत असता सूनबाई डबे, पाणी आणि मुलांच्या चपला सांभाळीत बाकावर बसून होत्या. आपल्याकडे बायकांची सहल म्हणजे स्वयंपाकघराचे स्थलांतर! शेवटी पिशव्या आम्ही घेतल्या व त्यांस हत्तीकडे धाडले.

मॉलमध्ये मुले नेणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. उन्हाळ्यात तेथील गारवा कोणास नको? मात्र तेथे मूल पाळण्यात बसते आणि बाप मोबाइलात. आणि सहलीस दर वेळी मुंबईच हवी असेही नाही. शहाडहून उल्हास नदीचे पाणी आपल्या टेमघरात येऊन शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जाते. नातवास हे सांगितले, तेव्हा त्याने नळ सोडून कितीतरी वेळ धारेकडे पाहिले. (पाणी वाया गेले म्हणून घरात बोलणी आम्ही खाल्ली!)

असो. दिवाळीच्या सुट्टीत मंडळातर्फे राणीच्या बागेची सहल ठरली आहे. आजवर चाळीस नावे आली. त्यांत आया व मुले तेहेतीस, वडील अवघे सात. चिटणिसांची वही दाराशीच ठेवली आहे. चहास जाण्यापूर्वी उरलेल्या वडिलांनी तेथे थांबावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.