पहिल्या स्टिरिओचे स्पीकर

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचा हंगाम आटोपला की घरोघरी खरेदीचे बेत ठरतात. त्यात पहिला स्टिरिओ असेल, तर पैशांचा मोठा वाटा स्पीकरसाठी ठेवा. आवाजाचा पोत सर्वांत जास्त तिथंच ठरतो.

दहा बाय बाराच्या खोलीत उंच टॉवर नकोत. पाच-साडेसहा इंची वूफरची बुकशेल्फ जोडी पुरते. खोक्यावरच्या हजारो वॅटना भुलू नका, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये किती आवाज निघतो, ते विचारा. ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला ८७ डेसिबलवाल्याला दुप्पट वॅट लागतात.

नाशिकला दुकानात जाल तेव्हा ओळखीचं शास्त्रीय गायन सोबत न्या. तानपुऱ्याच्या तारा, डग्ग्याची घुमक, गायकाचा श्वास वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. नुसता दणका पहिल्या दिवशी आवडतो, महिन्याभरात कान थकतात.

घरी जोडी कोपऱ्यात कोंबू नका, खर्ज फुगतो. स्लॅब आणि फरशीच्या खोलीत आवाज फार घुमतो. सतरंजी, जाड पडदे जरूर हवेत. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समभुज त्रिकोण साधा.

‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, तेव्हा रेडिओचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता. जोडणी नीट झाली का हे तपासायला असं एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावून बघा. गाणारा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध भासायला हवा. आवाज विखुरलेला वाटला, तर तारा तपासा: लाल लालला, काळी काळ्याला.