कंपनीतले अभ्यासकेंद्र

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवावे की नाही, हा वाद आता मिटला आहे. मार्च २०२३ अखेर एकट्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, म्हणजे टीसीएसची, कर्मचारीसंख्या सहा लाख चौदा हजारांच्या वर होती. इतकी माणसे अनेक देशांत विखुरलेली, त्यांच्या हातातले तंत्र दर दोन-तीन वर्षांनी जुने होणारे. त्या सगळ्यांना वर्गात बसवणे कोणालाच परवडणार नाही. इन्फोसिसने नव्या मुलांसाठी म्हैसूरला केवढे तरी प्रशिक्षण संकुल उभारले, पण २०२० च्या टाळेबंदीत तिथले शिक्षणही पडद्यावर गेलेच. प्रश्न उरतो तो कसे शिकवायचे याचा, आणि त्याच्या उत्तरासाठी नाशिककराला लांब जायला नको. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला, ज्या विद्यापीठाच्या पाट्या आपण येता-जाता पाहतो, त्याने दूर बसलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला शिकवायचे कसे याचा विचार १९८९ पासून केला आहे. माझे म्हणणे इतकेच, की कंपन्यांनी दूरशिक्षणातला धडा तेवढा उचलला आणि अभ्यासकेंद्र मागे ठेवले.

हे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. मुक्त शिक्षण म्हणजे टपालाने पुस्तके पाठवणे, अशी समजूत तेव्हा सर्रास होती. प्रत्यक्षात या पद्धतीत शिक्षकाला रजा दिलेली नाही, त्याचे काम वाटून दिलेले आहे. त्यातला एक वाटा पुस्तकात जातो. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुरात मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कुठे अडलो ते आपले आपल्याला कळावे. दुसरा वाटा गावातल्या महाविद्यालयात चालणाऱ्या अभ्यासकेंद्राकडे जातो. तिथे संपर्कसत्रे होतात, समंत्रक शंका सोडवतो, केंद्रसंयोजक विद्यार्थ्यांची विचारपूस करतो. सातपूरच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार सुट्टीच्या दिवशी अशा केंद्रावर जातो, तेव्हा आपल्यासारखेच नोकरी सांभाळून शिकणारे आणखी चारजण त्याला भेटतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये शिकवणे सुरू झाले. बीबीसीवरच्या तिच्या पाठांची फार चर्चा झाली. पण विद्यार्थ्याचे स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर अभिप्राय लिहिणारा शिक्षक तिथेही होताच, आणि माझ्या मते ते विद्यापीठ उभे राहिले ते त्याच्या जोरावर. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम घ्या. शिकवण्याचे बरेचसे काम संगणकच करत होता, तरी ते चालले तालुक्याच्या गावातल्या केंद्रात, शेजारी मार्गदर्शक उभा असताना. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून पुष्कळजण आले, हे खरेच. पण आलेल्यांना टिकवून धरले ते केंद्राने.

आता कंपनीतला नमुना पाहू. माहिती-सुरक्षेचा किंवा नव्या क्लाउड प्रणालीचा सक्तीचा कोर्स येतो, शेवटची तारीख शुक्रवार. एका खिडकीत व्हिडिओ दुप्पट वेगाने, आवाज बंद करून चालू असतो, दुसऱ्या खिडकीत ग्राहकाची तक्रार सोडवणे चालू असते. अधूनमधून ‘नेक्स्ट’ दाबायचे. शेवटी दहा प्रश्न, चुकले तर पुन्हा तेच प्रश्न, पास होईपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी व्यवस्थापकाच्या अहवालात सगळी नावे हिरवी होतात. यात कर्मचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला वेळ दिलेलाच नाही. आणि सक्ती काढून सगळे मर्जीवर सोडले तर काय होते, तेही मोजलेले आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के निघाले. म्हणजे जगातले नामांकित शिक्षक फुकट मिळाले तरी तेवढ्याने माणूस शेवटपर्यंत जात नाही, त्याचे काहीतरी पणाला लागलेले असावे लागते.

पूर्ण करणे आणि शिकणे यांतले अंतर तर त्याहून मोठे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग प्रत्येक प्रशिक्षण विभागाने समोर ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने तो एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४० टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. कोर्स संपताच लगेच घेतलेली चाचणी म्हणजे ही पाच मिनिटांनंतरची परीक्षा. तिच्यातले गुण पाहून कंपनी समाधान मानते आणि खरी परीक्षा तीन महिन्यांनी, ग्राहकाच्या कामावर होते.

कंपन्या वेळ देतच नाहीत असे मात्र नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसच्या नव्या धोरणाच्या बातम्या आल्या. वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर, कामाविना बसण्याचे दिवस ३५ च्या आत, आणि त्या रिकाम्या दिवसांत रोज चार ते सहा तास शिकण्यासाठी. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, मनुष्यबळ कमी करण्याची घोषणा झाली. व्यवसायाची निकड मला समजते, पण या रचनेत शिकण्याचा वेळ ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या वाट्याला येतो, तोही नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असताना. ज्याच्याकडे काम आहे, ज्याने आज शिकलेले उद्या वापरून पाहिले असते, तो रात्री दहानंतर लॅपटॉप उघडतो. मुक्त विद्यापीठाची पद्धत नेमकी या दुसऱ्या माणसासाठी आखलेली होती.

यावर आक्षेप येतील. ही सुशिक्षित, पगारदार माणसे, त्यांना हात धरून काय शिकवायचे, असे विचारले जाते. हार्वर्ड-एमआयटीच्या आकड्यांत याचे उत्तर आहे. त्या अभ्यासक्रमांना येणारे लोकही बहुतांशी शिकलेलेच होते. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार. लाखो लोकांसाठी समंत्रक आणायचे कुठून? पण मुक्त विद्यापीठाने तरी समंत्रक बाहेरून कुठे आणले? गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवत असलेल्या प्राध्यापकांनाच ते काम दिले. कंपनीत दहा-बारा वर्षे काम केलेले अभियंते आहेतच, आणि नवख्याला कोड समजावून सांगण्याचे काम ते आजही करतात, फक्त ते कुठे धरले जात नाही. तिसरा आक्षेप आजचा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणार, मग समंत्रक कशाला? शंका सोडवणे यंत्राला जमेल, कदाचित माणसापेक्षा चांगलेही जमेल. पण मागच्या आठवड्यात का आला नाहीस हे विचारणारा, आणि आपण ज्याला उत्तर देणे लागतो असा कोणीतरी, यंत्रातून कसा मिळणार ते मला अजून दिसत नाही.

तेव्हा करायचे ते अवघड नाही. पंचवीसजणांमागे एक समंत्रक, आठवड्यातून दोन तासांचे संपर्कसत्र, ऑनलाइन असले तरी ठरल्या वेळी आणि त्याच त्या सोबत्यांबरोबर, आणि परीक्षा अभ्यासक्रम संपल्यावर तीन महिन्यांनी, प्रत्यक्ष कामावर. समंत्रकाच्या वार्षिक मूल्यमापनात या कामाला जागा हवी. ते दोन तास शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्या, दोघांच्याही टाइमशीटमध्ये कामाचे तास म्हणून भरता आले पाहिजेत, आणि ज्या प्रकल्पावर तो माणूस आहे त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच ते पहिल्या दिवसापासून धरलेले असले पाहिजेत.